तांबड्या कड्यावरचा बर्फ

वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ऊन येतं, वाळू येते, तहान येते. बर्फ काही येत नाही. पण अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात ग्रँड कॅनियन नावाची जी प्रचंड दरी आहे, तिथे दर हिवाळ्यात बर्फ पडतो. कधी कधी तर रात्रभरात एवढा पडतो की सकाळी उठून पाहावं तो तांबड्या कड्यांचं सारं रूपच पालटलेलं असतं. त्या रूपाची छायाचित्रं आपण कॅलेंडरांवर आणि पोस्टकार्डांवर पुष्कळदा पाहिलेली असतात. ती इतकी सहज दिसतात, की एके काळी असं छायाचित्र काढणं हे फार अवघड काम होतं, हे आपल्या ध्यानातही येत नाही. आज मी बोलणार आहे ते या छायाचित्रांच्या इतिहासाविषयी. बोलता बोलता आपण एका वेगळ्याच गोष्टीपाशी येऊन पोहोचणार आहोत. ती गोष्ट म्हणजे पाणी.

आधी जागेची थोडी ओळख करून घेऊ. ही दरी लांबीला सुमारे ४४६ किलोमीटर आहे. रुंदी काही ठिकाणी २९ किलोमीटरपर्यंत जाते आणि खोली सुमारे एक मैल, म्हणजे १६०० मीटर. आपल्या कळसूबाईच्या शिखराची समुद्रसपाटीपासून उंची १६४६ मीटर. तेव्हा ती सगळी उंची उलटी करून जमिनीत खणली, तर या दरीच्या खोलीचा अंदाज येईल. तळातून कोलोरॅडो नदी वाहते. तळ समुद्रसपाटीपासून सुमारे २,४०० फुटांवर, दक्षिणेचा कडा सुमारे ७,००० फुटांवर आणि उत्तरेचा ८,००० फुटांच्याही वर. त्यामुळे एकाच दरीत दोन-तीन ऋतू एकावर एक नांदत असतात. उत्तर कड्यावर वर्षाला सरासरी १४० इंचांच्या आसपास बर्फ पडतो, दक्षिण कड्यावर साधारण ६० इंच, आणि तळाशी जवळजवळ नाहीच. वरून निघालेलं हिम खाली पोहोचेपर्यंत त्याचा पाऊस झालेला असतो.

आता हा बर्फ दरीत पडतो कसा, ते पाहा. दरीच्या भिंती एकसंध नाहीत. चुनखडी, वाळूचा दगड, मातकट शेल अशा थरांवर थर रचलेले आहेत. कठीण थरांचे उभे कडे झाले आहेत आणि मऊ थर झिजून त्यांचे उतार झाले आहेत. बर्फ उतारावर टिकतो, उभ्या कड्यावर टिकत नाही. त्यामुळे हिमवर्षाव झाला की उतार पांढरे होतात आणि कडे तांबडेच राहतात. एरवी तांबड्यात तांबडं मिसळून गेलेले थर, कुणी खडूने रेघा ओढाव्यात तसे एकेक वेगळे दिसू लागतात. भूगर्भशास्त्राच्या पुस्तकातली आकृतीच जणू समोर उभी राहते. छायाचित्रकाराला हवा असतो तो हाच क्षण. पण तो फार वेळ थांबत नाही. वादळ निवळल्यावर कधी ढग दरीतच अडकून बसतात आणि काहीच दिसत नाही. ढग विरले की ऊन येतं, आणि दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारांवरचा बर्फ काही तासांत नाहीसा होऊ लागतो. या दोहोंच्या मध्ये जे काही मिळेल तेवढंच.

या दरीची पहिली छायाचित्रं १८७० च्या दशकातली. एका हाताचा मेजर जॉन वेस्ली पॉवेल हा या प्रदेशाचा मोठा संशोधक. १८६९ मध्ये तो होड्या घेऊन या नदीतून पार गेला आणि १८७१ मध्ये दुसऱ्या मोहिमेवर निघाला, तो छायाचित्रकाराला बरोबर घेऊनच. पण १८७२ च्या आरंभी हा छायाचित्रकार, बीमन, मोहीम सोडून गेला. त्याच्या जागी आलेला फेनेमोर आजारी पडला. शेवटी कॅमेरा आला तो जॅक हिलर्स नावाच्या एका नावाड्याच्या हाती. हा जन्माने जर्मन. मोहिमेत येण्याआधी सॉल्ट लेक सिटीत गाडीवानाचं काम करत असे. वल्ही मारता मारता त्याने रसायनं हाताळायला शिकून घेतलं, आणि पुढे सरकारी सर्वेक्षण खात्याचा नामांकित छायाचित्रकार म्हणून त्याची कारकीर्द झाली.

हिलर्सच्या हाती जे तंत्र होतं, त्याला ओल्या काचेचं तंत्र म्हणतात. काचेवर कलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतायचं, ती काच चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळण्याआधीच तंबूतल्या अंधारात नेऊन धुवायची. सगळा खेळ काही मिनिटांचा. म्हणजे जिथे छायाचित्र, तिथेच डार्करूम आणि तिथेच पाणी हवं. दरीच्या तळाशी नदी होती, पण कड्यावर पाण्याचा टिपूस नसे.

दुसरी अडचण अधिक मूलगामी होती. या काचेला फक्त निळा आणि त्यापलीकडचा जांभळा प्रकाश दिसे. तांबडा रंग तिच्या लेखी अंधारच. आता विचार करा, सगळी दरीच तांबडी! म्हणजे आपल्याला जी जागा रंगांनी पेटलेली दिसते, ती काचेवर काळपट उमटे. आकाश निळं, म्हणून ते कोरं पांढरं पडे, ढगांसकट. आणि बर्फ? बर्फावरून परतणारा प्रकाश या काचेला भलताच मानवणारा. सावलीतल्या बर्फावर तर निळ्या आकाशाचाच उजेड पडलेला असतो, त्यामुळे उन्हातला बर्फ आणि सावलीतला बर्फ यांतला फरकही पुसट होई. खडकांचा तपशील मिळावा इतका वेळ भिंग उघडं ठेवलं तर बर्फाचा नुसता पांढरा डाग, बर्फासाठी लवकर मिटलं तर दगड कोळशासारखे. तांबडा कडा आणि पांढरा बर्फ ही जोडी त्या काळच्या रसायनाला पेलणारीच नव्हती. त्यामुळे आपण पाहत आलो ते जुनं अमेरिकन वाळवंट काळं-पांढरं आणि भकास वाटतं, यात वाळवंटाचा दोष थोडा आणि काचेचा जास्त.

हिवाळ्यात या दरीत कॅमेरा घेऊन उतरण्याचं धाडस केलं ते एका रेल्वे कंपनीने. कोलोरॅडो नदीच्या काठाकाठाने, दरीच्या पोटातून समुद्रापर्यंत लोहमार्ग न्यायचा, असा तो अचाट बेत होता. कंपनीचा अध्यक्ष फ्रँक ब्राऊन आणि मुख्य अभियंता रॉबर्ट ब्रूस्टर स्टँटन. १८८९ च्या मे महिन्यात ते होड्या घेऊन निघाले, आणि घात तिथेच झाला. रॉकी पर्वतावर हिवाळाभर साठलेला बर्फ मे-जूनमध्ये वितळतो आणि नदी फुगते. अशा भरल्या नदीत ही मंडळी उतरली, तीही अंगात तरंगती जाकिटं न घालता. १० जुलैला खुद्द ब्राऊन बुडाला. पाच दिवसांनी आणखी दोघे गेले. मोहीम अर्धवट टाकून बाकीचे कसेबसे कडा चढून बाहेर आले.

स्टँटन पुन्हा आला तो डिसेंबरात, बुचाची जाकिटं घेऊन. या वेळी डोंगरावरचा बर्फ गोठलेला होता आणि म्हणून नदी उतरलेली होती. थंडी सोसावी लागणार होती, पण जीव वाचण्याची शक्यता जास्त होती. लोहमार्ग बांधता येतो हे भांडवलदारांना पटवायचं, तर वळणावळणाचं छायाचित्र हवं. म्हणून फ्रँकलिन निम्स हा छायाचित्रकार बरोबर होता. १ जानेवारी १८९० रोजी, म्हणजे ऐन नववर्षदिनी, एक छायाचित्र घेण्यासाठी निम्स खडकावर चढला आणि सुमारे २२ फुटांवरून खाली कोसळला. पाय मोडला, डोक्याला मार लागला, शुद्ध हरपली. सोबत्यांनी तात्पुरती डोली केली आणि सुमारे १,७०० फूट उंचीचा कडा त्याला वर चढवला. दोर लावून, हातोहात. इकडे स्टँटन गाडी आणण्यासाठी लीज फेरीपर्यंत पायी गेला. निम्स वाचला, पण त्याची मोहीम तिथेच संपली.

मग छायाचित्रांचं काय? स्टँटनने कॅमेरा कधी चालवलेला नव्हता. त्याने तो उचलला आणि पुढच्या साऱ्या वाटेवर, समुद्राला पोहोचेपर्यंत, शेकडो छायाचित्रं स्वतः काढली. त्यात कलेचा हव्यास नव्हता. नदीचं वळण आलं की वरच्या बाजूचं एक, खालच्या बाजूचं एक, असा अभियंत्याचा हिशेबी शिरस्ता. लोहमार्ग कधीच झाला नाही. त्याच्यासाठी काढलेली छायाचित्रं मात्र राहिली. त्यांचं मोल कळायला शंभर वर्षं जावी लागली. त्याकडे आपण पुन्हा येऊ.

विसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिण कड्यावर आगगाडी आली आणि तिच्या मागोमाग प्रवासी आले. १९०१ मध्ये एल्सवर्थ कोल्ब आणि पुढच्या वर्षी त्याचा धाकटा भाऊ एमरी तिथे दाखल झाला. या दोघा भावांनी कड्याच्या अगदी टोकाशी, खाली उतरणाऱ्या पायवाटेच्या तोंडाशी, १९०४ मध्ये आपला स्टुडिओ बांधला. सकाळी प्रवासी खेचरांवर बसून दरीत उतरायला लागले की खिडकीतून त्यांचं छायाचित्र घ्यायचं आणि संध्याकाळी ते परतले की तयार प्रत त्यांच्या हाती ठेवायची, असा धंदा. पण प्रती धुवायला स्वच्छ पाणी लागतं आणि कड्यावर ते नव्हतं. गावाचं पाणी आगगाडीच्या टाक्यांतून कितीतरी लांबून येई. मग यावर एमरीने उपाय काढला. काचा पाठीवर घेऊन तो पायवाटेने धावत सुटे. सात किलोमीटरवर आणि ३,००० फूट खाली, एका झऱ्याकाठी हिरवळ होती. तिथे त्यांनी डार्करूम थाटली होती. काचा धुवून, प्रती काढून तो पुन्हा वर चढे, आणि तोही खेचरं परतण्याच्या आत! आपण एखाद्या जुन्या छायाचित्राकडे पाहून सुरेख म्हणतो, तेव्हा त्यामागचं हे धावणं आपल्याला कुठे दिसतं?

त्या झऱ्याच्या जागेला इंडियन गार्डन म्हणत. नावातच सगळं आलं. ती बाग कुणाची तरी होती. हावासुपाई नावाच्या आदिवासींची तिथे पिढ्यान् पिढ्यांची शेती होती. हावासुपाई म्हणजे निळ्या-हिरव्या पाण्याचे लोक. त्यांची रीत अशी, की उन्हाळ्यात दरीच्या पोटात झऱ्यांच्या पाण्यावर मका-भोपळा पिकवायचा आणि हिवाळ्यात कुटुंबकबिल्यासह वरच्या पठारावर शिकारीला जायचं. वर पाणी नसतं, मग ते वर कसे राहत? तर बर्फाच्या भरवशावर. हिवाळ्यात पठारावर बर्फ असतो, तो वितळवला की पाणी मिळतं. जिथे उन्हाळ्यात माणूस तहानेने मरेल तिथे हिवाळ्यात बर्फामुळे वस्ती करता येते. छायाचित्रकाराच्या लेखी जो बर्फ म्हणजे उजेड, तो यांच्या लेखी पाणी होता, शिकारीचं रान होता, निम्म्या वर्षाचं घर होता.

ते घर त्यांच्याकडून काढून घेतलं गेलं. १८८२ मध्ये सरकारने त्यांच्यासाठी राखीव म्हणून ठेवली ती दरीच्या तळातली अवघी ५१८ एकर जमीन. पठार गेलं, म्हणजे त्यांचा हिवाळाच गेला. १९१९ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. १९२८ मध्ये त्या बागेतल्या शेवटच्या हावासुपाई रहिवाशालाही हलवण्यात आलं. त्यानंतर पाचच वर्षांच्या आत त्या झऱ्याचं पाणी पंपाने वर कड्यावरच्या हॉटेलांना जाऊ लागलं. हावासुपाई मात्र गप्प बसले नाहीत. दीर्घ लढ्यानंतर १९७५ च्या कायद्याने पठारावरची सुमारे १,८५,००० एकर जमीन त्यांना परत मिळाली, आणि २०२२ मध्ये त्या जागेचं अधिकृत नाव बदलून हावासुपाई गार्डन्स झालं. बर्फाने झाकलेल्या निर्मनुष्य पठाराचं चित्र पाहताना ही गोष्ट आठवायला हवी. ते पठार आधीपासून निर्मनुष्य नव्हतं, करण्यात आलेलं होतं.

दरम्यान रसायनशास्त्र पुढे सरकलं होतं. १८७३ मध्येच जर्मनीत हेर्मान फोगेल याने शोधून काढलं होतं की योग्य रंगद्रव्य मिसळलं तर काचेला निळ्यापलीकडचे रंगही दिसू लागतात. पण तांबड्यासकट सगळे रंग ओळखणाऱ्या काचा बाजारात यायला १९०६ उजाडलं आणि त्यांचा वापर सर्वत्र व्हायला आणखी बराच काळ गेला. भिंगावर तांबडी किंवा पिवळी काच लावून आकाश गडद करता येऊ लागलं, ढग दिसू लागले, तांबडे कडे उजळले. बर्फ आणि खडक पहिल्यांदाच एका चौकटीत सुखाने नांदू लागले.

१९४१ मध्ये अमेरिकेच्या गृह खात्याने अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स या छायाचित्रकाराला राष्ट्रीय उद्यानांची भव्य भित्तिचित्रं करण्याचं काम दिलं. रोजचा मेहनताना २२ डॉलर २२ सेंट. त्याच कामात त्याने ग्रँड कॅनियनही टिपलं. महायुद्धामुळे योजना १९४२ मध्ये बंद पडली आणि ती चित्रं त्या खात्याच्या भिंतींवर चढायला २०१० साल उजाडलं. अ‍ॅडम्सने फ्रेड आर्चर या सहकाऱ्याबरोबर उजेडाची एक पद्धत बसवली होती. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत पायऱ्या मानायच्या आणि समोरच्या दृश्यातली कुठली गोष्ट कुठल्या पायरीवर बसवायची, हे आधीच ठरवायचं. बर्फाच्या बाबतीत हे फार कामाचं. कारण प्रकाश मोजणाऱ्या यंत्राला बर्फ कळत नाही. ते यंत्र प्रत्येक वस्तू मध्यम करड्या रंगाची समजून चालतं. त्याचं मुकाट ऐकलं तर बर्फ राखेसारखा येतो. पांढरा राखायचा तर यंत्र सांगतं त्याच्या दुप्पट ते चौपट प्रकाश आत घ्यावा लागतो. जास्त घेतला तर मात्र त्याचा पोत जातो आणि कोरा कागद उरतो. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यालाही हे पथ्य सुटलेलं नाही. बर्फ किती पांढरा, हे अजूनही माणसालाच ठरवावं लागतं.

आता स्टँटनकडे परत येऊ. १९८९-९० हे त्याच्या मोहिमेचं शताब्दी वर्ष. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यातले शास्त्रज्ञ रॉबर्ट वेब यांनी त्याची जुनी छायाचित्रं बाहेर काढली आणि ती जिथून घेतली होती ती नेमकी जागा शोधून, त्याच कोनातून, पुन्हा छायाचित्रं घ्यायला सुरुवात केली. अशी चारशेहून अधिक दृश्यं त्यांनी जुळवली. काय दिसलं? काही झुडपं शंभर वर्षांनंतरही त्याच जागी जिवंत होती. नदीकाठ मात्र ओळखू येत नव्हता. १९६३ मध्ये वरच्या बाजूला ग्लेन कॅनियन धरण झालं आणि बर्फाच्या पाण्याचा वार्षिक पूर थांबला. जिथे पूर सारं धुवून नेत असे तिथे दाट झाडी माजली होती आणि वाळूचे किनारे झिजून गेले होते. शिवाय कडाक्याची थंडी न सोसणाऱ्या वनस्पती पूर्वीपेक्षा वाढलेल्या दिसल्या. म्हणजे गोठवणाऱ्या थंडीच्या लाटा पूर्वीइतक्या येत नसाव्यात. रेल्वेसाठी काढलेली ती रुक्ष छायाचित्रं नदीची, धरणाची आणि हवामानाची साक्ष देऊ लागली.

ही साक्ष का महत्त्वाची, ते सांगतो. कोलोरॅडो नदीच्या पाण्यावर आज सुमारे चार कोटी लोक अवलंबून आहेत आणि त्या पाण्याचा बहुतांश भाग हा डोंगरावर पडलेल्या बर्फाचा आहे. खुद्द ग्रँड कॅनियनचीही तीच कथा. हा सारा प्रदेश दक्षिणेकडे कललेला आहे. उत्तर कड्यावर वितळलेला बर्फ चुनखडीच्या भेगांतून झिरपत झिरपत दरीच्या भिंतीतून धबधब्यासारखा बाहेर पडतो. रोअरिंग स्प्रिंग्ज हे त्या झऱ्याचं नाव. १९७० पासून सुमारे २० किलोमीटरच्या नळाने हेच पाणी दरी ओलांडून दक्षिण कड्यावर येतं. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस हा जुना नळ लागोपाठ फुटला आणि उद्यानाला दक्षिण कड्यावरच्या हॉटेलांतला मुक्काम काही दिवस बंद करावा लागला. कोल्ब बंधूंच्या काळी कड्यावर जी तहान होती, ती अजूनही तिथेच आहे. फक्त नळामुळे ती दिसत नाही. पॉवेलने १८९३ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका परिषदेत बजावलं होतं की या प्रदेशात सगळ्या जमिनीला पुरेल एवढं पाणी नाही. तेव्हा श्रोत्यांनी त्याची हुर्यो उडवली होती. आज त्याला कुणी हसत नाही.

म्हणून बर्फ पडल्यावर या दरीची जी छायाचित्रं निघतात, त्यांच्याकडे नुसती देखणी चित्रं म्हणून पाहणं अपुरं आहे. कड्यावर बर्फ कुठल्या थरापर्यंत उतरला, किती दिवस टिकला, कुठल्या वर्षी आलाच नाही, हे सारं त्यांत नोंदलं जातं. चित्र काढणाऱ्याच्या मनात ते असो वा नसो. स्टँटनच्या मनात तरी कुठे होतं? तेव्हा पुढच्या वेळी तांबड्या कड्यावरच्या पांढऱ्या रेघा एखाद्या कॅलेंडरावर दिसल्या, तर त्यांच्याखालची तारीख जरूर पाहा. वाळवंटात पडलेल्या बर्फाचं छायाचित्र म्हणजे त्या वर्षीच्या पाण्याची पावती असते, आणि पावतीवर तारीख महत्त्वाची.